पर्जन्यछायेतला देश

दर वर्षी आषाढात एक प्रवास मी मुद्दाम एसटीने करतो. महाबळेश्वरहून केळघरचा घाट उतरून मेढा, मेढ्याहून सातारा, पुढे कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड, दिघंची आणि शेवटी आटपाडी तालुक्यातले आमचे गाव. महाबळेश्वरच्या स्थानकावर गाडीत चढताना छत्री उघडी असूनही खांदे भिजलेले असतात आणि काचेबाहेर धुक्यापलीकडे काहीही दिसत नाही. मेढ्याच्या आसपास भाताची खाचरे लागतात, घरांवर उतरती कौले दिसतात. साताऱ्याला पाऊस रिमझिमीवर आलेला असतो. कोरेगावकडे घेवडा, आले आणि सोयाबीन लागते. पुसेगाव मागे पडले की आभाळ उंच होते, माळ उघडे पडतात, बाजरीची पेरणी झालेली किंवा खोळंबलेली रानं दिसू लागतात आणि दहिवडीला गाडी थांबते तेव्हा पायाशी ठेवलेली छत्री खडखडीत वाळलेली असते. डोक्यावर ढग मात्र असतात. काळे, भरलेले वाटणारे, पूर्वेकडे घाईने निघालेले. आमचे चुलते तात्या या ढगांकडे बोट दाखवून म्हणतात, "ढग रोज येत्यात, पर मुक्कामाला कुणी ऱ्हात न्हाई."

सरळ रेषेत मोजले तर महाबळेश्वर ते दहिवडी हे अंतर शंभर किलोमीटरही भरत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि दहिवडी-म्हसवड-आटपाडीच्या पट्ट्यात तो पाचशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. कारण शाळेत आपण सगळेच शिकलो आहोत. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाचे वारे सह्याद्रीला धडकतात, कडा चढताना थंड होतात, पाणी ओतून मोकळे होतात आणि पलीकडे उतरताना पुन्हा तापून कोरडे होतात. पाठ्यपुस्तकात हा 'पर्जन्यछायेचा प्रदेश' दोन ओळींत आटोपतो. त्या दोन ओळींनी आमच्या घरातली चार माणसे चार राज्यांत पाठवली, हे मला पुस्तक मिटल्यावर पुष्कळ वर्षांनी कळले.

भूगोल देश घडवतो असे म्हणताना आपल्या भाषेतला 'देश' हा शब्द आधी पाहावा. मराठीत 'देशावर' म्हणजे घाटावर, सह्याद्रीच्या पूर्वेच्या पठारावर. कोकण आणि देश ही आपली सर्वांत जुनी विभागणी आणि तिची सीमारेषा कोणत्याही राजाने आखलेली नाही. ती डोंगराने आखली आहे. देशस्थ आणि कोकणस्थ, भात आणि भाकरी, कौलारू घर आणि माळवदाचे घर हे सारे भेद त्या रेषेच्या दोन बाजूंना उभे राहिले. जिथे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे मातीचे सपाट छप्पर एका श्रावणात खाली येईल आणि जिथे पाऊस जेमतेम पाचशे आहे तिथे त्याच सपाट माळवदावर धान्य वाळते, उन्हाळ्यात अंथरुणे पडतात. मुंबईत घाटावरून आलेल्या माणसाला हिणवण्यासाठी वापरला जाणारा 'घाटी' हा शब्दसुद्धा याच रेषेतून निघाला. तो माझ्या वडिलांनी गोदीत पुष्कळदा ऐकला होता आणि त्याबद्दल ते घरी कधीही बोलत नसत.

या डोंगराने राज्यही घडवले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत राहिला आणि थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. हे थर आडवे असल्यामुळे झिजताना डोंगरांना उभे कडे आणि सपाट माथे आले. कड्याची तटबंदी निसर्गाने आधीच बांधून ठेवलेली आणि माथ्यावर शिबंदीला जागा, खडकात खोदलेल्या टाक्यांत पाणी. किल्ला बांधणाऱ्याचे अर्धे काम झालेले होते. मावळातली खोरी एकमेकांपासून डोंगरधारांनी तोडलेली, म्हणून प्रत्येक खोऱ्याचा देशमुख वेगळा आणि आपल्या खोऱ्यात जवळजवळ राजा. शिवाजी महाराजांनी १६५६ साली जावळी घेतली आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाला वाईच्या मोकळ्या मुलखातून त्याच जावळीच्या रानात, प्रतापगडाच्या पायथ्याशी यावे लागले, जिथे त्याच्या घोडदळाचा आणि जड सरंजामाचा उपयोग उरला नाही. वाई आणि प्रतापगड यांच्यामधला डोंगर ज्याने एकदा पायी ओलांडला आहे त्याला त्या दिवसाचा अर्धा इतिहास वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

घाटांतून माल उतरे आणि सत्ता चढे. नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे आणि परंपरा ज्याला जकातीचा म्हणते तो दगडी रांजणही आहे. जुन्नरचा व्यापार तिथून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाई. बैलाच्या पाठीवरून जेवढे उतरेल तेवढाच व्यापार, ही मर्यादा जवळजवळ दोन हजार वर्षे टिकली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली खरी, पण डोंगर ओलांडायला आणखी दहा वर्षे गेली. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली आणि थळघाटातला १८६५ साली खुला झाला. मुंबई हे केवळ चांगले बंदर होते. तिला पाठीमागचा मुलूख मिळाला तो या दोन घाटांनी, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला असतानाच मिळाला. काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली काळी माती, तीत पिकलेला कापूस आणि तो बंदरावर नेणारी गाडी यांच्या जोरावर मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या. युद्ध संपले, भाव कोसळले आणि ज्या कुणब्यांनी तेजीत कर्जे काढली होती त्यांच्या जमिनी सावकारांकडे जाऊ लागल्या. १२ मे १८७५ रोजी सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि गहाणखते जाळली. सुपे बारामती तालुक्यात आहे, म्हणजे पावसाच्या त्याच कोरड्या पट्ट्यात. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला आणि १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशी आणि कोळी यांना बरोबर घेऊन बंड केले. आमच्याकडच्या राजेवाडी तलावाला भूगोलाच्या शिक्षकांनी आम्हाला सहलीला नेले होते. दुष्काळी कामावरच्या माणसांनी उचललेली माती त्या बांधात आहे, एवढे एक वाक्य ते बोलले आणि पुढे बराच वेळ गप्प राहिले.

मला ज्याविषयी सर्वांत जास्त लिहायचे आहे ते पाणी. दख्खनचे पठार पूर्वेकडे कललेले आहे. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा अरबी समुद्रापासून अवघ्या ६४ किलोमीटरवर असते, पण तिला वाहायचे असते १,४०० किलोमीटर, ते बंगालच्या उपसागरापर्यंत. त्र्यंबकेश्वरची गोदावरी आणि भीमाशंकरची भीमाही तशाच पूर्वेला जातात. म्हणजे निसर्गाने पाऊस डोंगरावर ओतला, पण त्याचा एक मोठा वाटा कोरड्या मुलखाच्या दिशेने सोडूनही दिला. ढग थांबत नव्हते, तरी नद्या येत होत्या. आमच्या दुष्काळाकडे पाहताना ही गोष्ट नेहमी सुटते.

विसाव्या शतकात माणसाने त्या उतारात हात घातला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि घाटमाथ्यावरून कोकणात सुमारे पाचशे मीटरचा उभा उतार तयार होता. टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात पाणी अडवून ते पश्चिमेला खाली सोडले आणि १९१५ साली खोपोलीला, १९२२ साली भिवपुरीला आणि १९२७ साली भिऱ्याला वीजघरे चालू झाली. हे पाणी भीमेच्या खोऱ्यातले होते. पूर्वेला गेले असते तर ते पंढरपुरावरून वाहिले असते. मुळशीच्या मावळ्यांनी जमिनी बुडण्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. धरणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या जगातल्या अगदी आरंभीच्या संघटित लढ्यांपैकी तो एक. तो हरला. मुळशीचे पाणी आजही डोंगर फोडून पश्चिमेला जाते.

नंतर कोयना आली. धरणाची क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट, वीजनिर्मितीची क्षमता १,९६० मेगावॅट. महाराष्ट्राच्या कारखानदारीचा पाया ज्यावर घातला गेला ती ही वीज आहे आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही. पण कोयनेच्या पाण्याच्या दोन वाटा नीट पाहाव्यात. शिवसागर जलाशयातले पुष्कळसे पाणी बोगद्यांतून पोफळीकडे उतरते, वीज तयार करते, वाशिष्ठीत पडते आणि चिपळूणवरून समुद्राला मिळते. कृष्णा पाणीवाटप लवादाने या वळवण्याला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. दुसरी वाट पूर्वेची: धरणाच्या पायथ्यातून सोडलेले पाणी नदीने कऱ्हाडला येते, प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि थोडे पुढे टेंभूच्या बंधाऱ्यावर मोठाल्या पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडे चढवले जाते. पंपांना वीज लागते. एकाच तलावातले पाणी आपण पश्चिमेला शेकडो मीटर खाली सोडून वीज करतो आणि त्याच तलावातले उरलेले पाणी शेकडो मीटर वर चढवण्यासाठी वीज खर्च करतो. मला या व्यवहारात कोणा एकाचा दोष दिसत नाही. शंभर वर्षांत घेतलेले अनेक निर्णय, प्रत्येक आपापल्या काळी समर्थनीय वाटलेला, एकावर एक साचले आणि आटपाडीचा शेतकरी त्या सगळ्यांच्या शेवटच्या टोकाला उभा राहिला. ते पाणीही सहज आलेले नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा घेतल्या, वर्षानुवर्षे मोर्चे निघाले आणि प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा मिळावा ही मागणी या माळावरच्या माणसांनी लावून धरली.

नद्यांच्या काठी वेगळेच राज्य उभे राहिले. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकात निघाला, प्रवरेवर भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि जिथे कालवा गेला तिथे ऊस आला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला तो याच कालव्याच्या पाण्यावर. कारखान्याभोवती बँक, दूध संघ, शाळा, महाविद्यालय आणि मतदारसंघ वाढला. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म देवराष्ट्र्याचा आणि कर्मभूमी कऱ्हाडची, वसंतदादा पाटील सांगलीचे, शरद पवार बारामतीचे. राज्याच्या सत्तेचा नकाशा आणि कालव्यांचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहिले तर पुष्कळ ठिकाणी जुळतात. ज्या गावांना कालवा लागला नाही त्यांच्याकडे मते होती, पण कारखाना नव्हता आणि कारखान्याशिवाय आवाज मुंबईपर्यंत पोहोचायला फार काळ लागला.

ज्यांच्याकडे पाणी आले नाही ते पाण्याकडे गेले. बीड, पाथर्डी, जत, माण इथली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. एकट्या माणसाला उचल अर्धी, म्हणून लग्ने लवकर उरकली जातात आणि मुलीची शाळा सुटते. धनगरांचे चालणे याहून पुष्कळ जुने आहे आणि त्यात शहाणपण आहे. पावसाळ्यात मेंढरे आमच्या कोरड्या माळावर असतात, कारण कोकणच्या चिखलात त्यांचे खूर कुजतात. पाऊस ओसरला की वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घाट उतरतो, शेतकरी खतासाठी धान्य देऊन रानात मेंढरं बसवून घेतो आणि वळवाच्या आधी कळप पुन्हा घाट चढतो. डोंगराच्या दोन बाजूंच्या दोन हवामानांचा एवढा नेमका उपयोग दुसऱ्या कोणी केल्याचे मला दिसत नाही. पाटणच्या डोंगरातून मुंबईच्या बाजारपेठांत ओझी उचलायला गेलेल्यांसाठी अण्णासाहेब पाटलांनी लढा दिला आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. कोकणाची कथा वेगळी नाही. तिथे पाऊस उदंड, पण नद्या आखूड आणि उतार तीव्र, त्यामुळे पाणी थांबत नाही. मे महिन्यात तिथेही टँकर फिरतात आणि कित्येक पिढ्या कोकण मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर जगले.

आमच्या भागाची वाट सर्वांत लांबची. खानापूर, आटपाडी, माण, खटाव इथली मुले गलाईच्या धंद्यात गेली. सोने-चांदी गाळण्याचे हे काम; केरळपासून बंगालपर्यंत सराफ बाजाराच्या गल्लीत एखाद्या अरुंद दुकानात विट्याकडचा किंवा आटपाडीकडचा माणूस सापडतो. तात्या तेराव्या वर्षी कोईमतूरला गेले. १९७२ च्या दुष्काळात आजीने रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, घरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी आणि पोरांना सुकडी, आणि त्याच वर्षी गावातल्या एका गलाईवाल्याबरोबर तिने थोरल्या पोराला गाडीत बसवून दिले. (या हमीचा कायदा पुढे १९७७ साली झाला, त्याचा पैसा शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून उभा राहिला आणि २००५ साली देशाने तीच कल्पना उचलली. माळावरच्या खडीतून निघालेली ही कल्पना आहे, याचा मला अभिमान वाटतो.) तात्यांच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची टोके तेजाबाने कायमची पिवळी आणि गुळगुळीत झाली आहेत, बँकेतल्या यंत्रावर त्यांचा अंगठाही उमटत नाही. ते तमिळ अस्खलित बोलतात, हिशेब तमिळमध्ये करतात आणि बिरोबाला नवस मराठीत. मे महिन्यात यात्रेला तमिळनाडू, केरळ, आंध्र इथल्या पाट्यांच्या गाड्या आमच्या अरुंद रस्त्यावर रांगेने उभ्या असतात, आणि माळावर गलाईच्या पैशांची दुमजली घरे उभी आहेत, ज्यांत वर्षातले दहा महिने फक्त म्हातारी माणसे राहतात.

सारे काही डोंगरावर सोपवून मोकळे होता येत नाही, हेही मला तितक्याच खात्रीने सांगायचे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरेबाजार अशाच तुटपुंज्या पावसाचे गाव, पण त्या गावाने पाणी अडवले, उसासारखी पिके बंद केली, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही असे ठरवले आणि बाहेर गेलेली कुटुंबे परतली. आमचा काळा पाषाण पाणी फारसे धरून ठेवत नाही. ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत राहते, ते संपले की आठशे फूट खोल गेले तरी धूळच येते. हे ज्या गावांनी ओळखले ती सावरली. ज्यांनी ओळखले नाही त्यांच्या रानात कोरड्या बोअरची तोंडे दगड ठेवून झाकलेली आहेत. आमच्या वाट्याच्या सव्वादोन एकरात अशी चार आहेत.

तात्या परत आले. टेंभूचे पाणी शिवाराजवळच्या ओढ्यात सोडले जाते, तेव्हा विहीर तळापासून भरून येते. पहिल्या वर्षी ते रात्री बॅटरी घेऊन विहिरीत डोकावायला जात आणि परत येऊन चुलतीला किती परस पाणी आले ते सांगत. यंदा आषाढात मी पोहोचलो तेव्हा ते बांधावर उभे होते. एका बाजूला डाळिंबाची झाडे, ठिबकच्या नळ्या नीट अंथरलेल्या. दुसऱ्या बाजूला, विहिरीला लागून, अर्ध्या एकरात सरी ओढून नवी लागण केलेली, उसाची. शेजारच्या तिघांनीही केली आहे. मी काही बोललो नाही, पण त्यांना ते कळले असावे. "कारखान्याचा चिटबॉय ऊस नोंदवाया सोत्ता आलता," ते म्हणाले, "पन्नास वर्सांत पयल्यांदा." मग ते वाकले आणि पिवळ्या बोटांनी सरीतली एक कांडी मातीत नीट दाबून बसवू लागले. डोक्यावरून ढग पूर्वेकडे चालले होते.